हिवराळे साहेबांनी सुचवलेली मालिका

भगवान हिवराळे यांनी एकतीस वर्षं लोकांचे काटे तपासले. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. किराणा दुकानं, भंगारवाले, सोनार, पेट्रोल पंप, मच्छीबाजार, कुठेही अचानक जाऊन उभं राहायचं आणि वजन खरं की खोटं ते बघायचं, हे त्यांचं काम. पारड्याच्या तळाला चिकटवलेलं मेण आणि वजनाच्या पोटातून काढून घेतलेलं शिसं त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की कोणी हसून बोलायला लागलं की त्यांची नजर आधी त्याच्या हातांकडे जायची.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही सवय सुटली नव्हती. सीवूड्सच्या दोन खोल्यांच्या घरात दुधाची पिशवी आली की ती स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर चढायची. डॉक्टरांनी गोळी बदलली तर का बदलली, हे तीन ठिकाणी विचारून झाल्याशिवाय ते ती घ्यायचे नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचे मेसेज सगळ्यात जास्त, आणि सगळे एकाच जातीचे. ‘अनोळखी लिंकवर बोट लावू नये.’ ‘मीटर बदलायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र दोनदा पाहावे.’ पोरं त्यांना काटेवाले काका म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं, आणि कोणी सुरू केलं याचाही त्यांना अंदाज होता.

मित्र म्हणावा असा माणूस त्यांना एकही नव्हता. एक होता, जानू. बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी, खात्यात शिपाई. प्रमाण वजनांची जड पेटी खांद्यावर घेऊन तो एकोणीस वर्षं हिवराळ्यांच्या मागे चालला. दुपारी दोघं जीपच्या बॉनेटवर डबे उघडायचे. जानूच्या डब्यातली सुकी मांदेली साहेबांकडे, आणि साहेबांच्या घरची ज्वारीची भाकरी जानूकडे. मग एका पहाटे त्यांनी खाडीकाठच्या एका मच्छीबाजारात धाड घातली. चाळीस काटे तपासले आणि चाळीसच्या चाळीस बरोबर निघाले. इतका बरोबर बाजार हिवराळ्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. कोणीतरी आधी बातमी फोडली होती, आणि बातमी माहीत असणारी माणसं दोनच होती. हिवराळ्यांनी अहवालात तसं लिहिलं. जानूची बदली अलिबागकडे झाली. जाताना तो काही बोलला नाही आणि हिवराळ्यांनीही काही विचारलं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

यंदाच्या जानेवारीत त्यांची बायको शालन रोज दुपारी तीन वाजता आतल्या खोलीचं दार लावून घ्यायला लागली.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, झोपली असेल. दुसऱ्या दिवशी आतून पुरुषाचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी दोन पुरुष, मग शालनचं हसू, तेही तोंडावर पदर धरून हसल्यासारखं दबकं. हिवराळ्यांनी वर्तमानपत्रातली डिजिटल अरेस्टची सगळी प्रकरणं कापून फायलीत लावली होती. भामटे व्हिडिओवर येतात, दार लावायला सांगतात, घरच्यांना कळू देऊ नका म्हणतात. या प्रकारात कोणी हसल्याचं कुठे छापून आलं नव्हतं, हे खरं. पण हसवून फसवण्याची नवी तऱ्हा निघाली नसेल कशावरून?

चौथ्या दिवशी ते दाराला कान लावून उभे राहिले. आतून स्पष्ट ऐकू आलं, “वहिनी, आधी दार लावा. आणि हे बघा, साहेबांना एक शब्द सांगायचा नाही.”

हिवराळ्यांनी दार ढकललं तेव्हा कडीचा एक स्क्रू निघून पडला.

“फोन खाली ठेव! बंद कर आधी!”

शालन पलंगावर पाय सोडून बसली होती. पुढ्यात उशीला टेकवलेला फोन, हातात शेंगदाण्यांची वाटी. ती दचकली आणि वाटी कलंडली.

“अहो, काय झालं?”

“कोण आहेत ही माणसं?”

“मालिका आहे,” शालन म्हणाली. “कडी मोडलीत ना?”

फोनवर एका अरुंद दुकानात पाच जण एका बाकावर दाटीवाटीने बसले होते. मालिकेचं नाव ‘गाळा नंबर नऊ’. पाच मित्र मिळून एक गाळा भाड्याने घेतात आणि त्यात दर वेळी नवा धंदा काढतात. कधी पिठाची गिरणी, कधी लग्नाचे फेटे, कधी पोपटांचं पाळणाघर. एकही धंदा चालत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी कुठल्याशा वाहिनीने ती रविवारी सकाळी आठ वाजता लावली होती. त्या वेळी कोणी बघितली नाही, सव्वीस भागांवर बंद झाली. आता कोणीतरी ती यूट्यूबवर टाकली होती.

“तुला कोणी सांगितलं हिचं?”

शालन चादरीवरचे शेंगदाणे वेचत राहिली. “कुणीतरी.”

“कुणीतरी म्हणजे?”

“आता बायकांच्यात बोलणं निघतं, अहो. सगळं लिहून ठेवते का मी?”

ती खोटं बोलत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात शालन असं खाली बघून बोलली की काहीतरी दडवत असे. हिवराळ्यांनी तिथे ताणलं नाही. त्यांनी चौकशी दुसऱ्या बाजूने सुरू केली. शालन भाजी आणायला गेल्यावर त्यांनी ती मालिका आपल्या फोनवर शोधली. पहिला भाग चारशे अठरा लोकांनी पाहिला होता. इतकी चांगली वस्तू असेल तर चारशे अठराच का? आणि फुकट का? टाकणाऱ्याचं नाव होतं ‘जुनं ते आपलं’. हे काय नाव झालं?

तपासणी म्हणून त्यांनी पहिला भाग पाहिला. त्यात ते कुठेच हसले नाहीत. दुसऱ्या भागात पम्या नावाचा मित्र गिऱ्हाईकाचे गहू दळताना स्वतःचीच टोपी दळतो, तिथे त्यांच्या नाकातून आवाज आला. ते उठून पाणी पिऊन आले. पाचव्या भागात शिर्के नावाचा मित्र, ज्याला सगळ्यांचाच संशय येतो, गाळ्यातली बिस्किटं कोण खातं हे शोधायला पुड्यावर पीठ भुरभुरतो, आणि शेवटी पीठ त्याच्याच मिशीवर सापडतं. हिवराळे इतके हसले की शालन स्वयंपाकघरातून धावत आली. नवऱ्याला ठसका लागला असं तिला वाटलं होतं.

तेव्हापासून तीन वाजता दोघं एकत्र बसायला लागले. दार उघडंच राहायचं, कारण कडी अजून लागत नव्हती.

बघता बघता हिवराळ्यांना त्यात एक गडबड दिसली. प्रत्येक भागात या पाच जणांचं भांडण व्हायचं, आणि ते लुटुपुटीचं नसायचं. सातव्या भागात तर शिर्के पम्याला चोर म्हणतो आणि पम्या गाळ्याची किल्ली फेकून निघून जातो. पण आठवा भाग सुरू होतो तेव्हा पाचही जण त्याच बाकावर बसून चहा पीत असतात.

“मधला भाग कापलाय,” हिवराळे म्हणाले.

“काही कापलेलं नाही.”

“असं कसं? काल तो किल्ली फेकून गेला. आज चहा पितोय. माफी कोणी मागितली? बोलणं कुठे झालं? ज्याने टाकली त्याने काहीतरी काढून घेतलंय.” त्यांनी सगळ्या भागांची यादी उघडली, प्रत्येक भाग किती मिनिटांचा ते कागदावर उतरवलं. सगळे बावीस ते तेवीस मिनिटांचे होते. काहीच कमी नव्हतं.

“अहो, आला असेल परत,” शालन म्हणाली. “माणसं येतात परत.”

हिवराळ्यांनी यादीचा कागद घडी करून फायलीत ठेवला. दोन आठवड्यांनी एका रविवारी त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी मालिकेची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘सर्वांनी अवश्य पाहावी. खूप हसाल. पाच मित्रांची गोष्ट आहे.’

पाच मिनिटांनी पहिला मेसेज आला, ‘कोणीही लिंक उघडू नका.’ मागोमाग दुसरा, ‘काकांचा नंबर हॅक झालाय.’ कोणीतरी पुरावा दिला, ‘काका कधी हसायला सांगतील का?’ हिवराळ्यांनी लिहिलं, ‘मीच आहे.’ त्यावर उत्तर आलं, ‘हॅकर असंच म्हणतो. हे काकांनीच सांगितलं होतं.’ तेवढ्यात सेक्रेटरी निकेशने त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं आणि घरी फोन केला.

“काका, टेन्शन घेऊ नका. फोन बंद करून ठेवा. मी सायबरवाल्यांचा नंबर देतो.”

“निकेश, लिंक मी टाकली आहे.”

“तुमी?” निकेशने आवाज खाली आणला. “काका, तुमच्या शेजारी कोण उभं आहे का? घाबरू नका. हो असेल तर नुसतं खोका.”

हिवराळ्यांना नेमका तेव्हाच खोकला आला. दहा मिनिटांत निकेश वॉचमनला घेऊन दारात हजर. शालनने दोघांना आत घेतलं, चहा दिला आणि फोनवर पाचवा भाग लावून दाखवला. निकेश बघत होता, पण मधूनच काकांच्या चेहऱ्याकडेही बघत होता. जाताना म्हणाला, “बघतो काका, सवडीने,” आणि काकांना ग्रुपवर परत घेतलं नाही.

हिवराळ्यांना ते लागलं. “चांगली गोष्ट सांगितली तर ऐकत नाहीत लोक,” ते म्हणाले. “मी कधी कुणाला फसवलंय?”

“तुम्ही कुणावर विश्वास ठेवलाय?” शालनच्या तोंडून निघून गेलं. मग तिने हातातला कप खाली ठेवला. “ऐकायचंच असेल तर ऐका. ही मालिका मला चंदाने सांगितली.”

चंदा म्हणजे जानूची बायको.

“चंदा इथे कुठे भेटली तुला?”

“भेटायची काय? दर बुधवारी येते ती, तुम्ही चालायला गेलात की. अलिबागला जानूभाऊ एकटेच गेले होते. नऊ वर्षं या घरातले मासे तिच्याच टोपलीतले आहेत. तुमचं भांडण झालं म्हणून मी का तिला दार बंद करू?” शालनने श्वास घेतला. “आणि मालिका काही तिने शोधली नाही. जानूभाऊ निवृत्त होऊन दिवाळ्याला परत आलेत, गुडघा गेलाय, वर्षभर घरात बसून आहेत. त्यांना सापडली. चंदाच म्हणाली, वहिनी, साहेबांना सांगू नका, साहेब चौकशी लावतील.”

हिवराळे खिडकीशी जाऊन उभे राहिले. नऊ वर्षं. दर बुधवारी. त्यांनी चवीने खाल्लेली बोंबलाची प्रत्येक आमटी त्यांना आठवायला लागली. मग दुसराच विचार आला. ही मालिका इथे मुद्दाम पाठवली असेल का? तो सगळ्यांवर संशय घेणारा शिर्के, त्याची मिशी, ते पीठ. जानूने ते बघून चंदाला सांगितलं असेल, जा, साहेबांच्या घरी पोचव? टोमणा म्हणून? त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि रिक्षाने दिवाळ्याला गेले.

जानूचं घर शोधायला लागलं नाही. अंगणात सुकत घातलेल्या जवळा मासळीवरून कावळे हाकलत तो खुर्चीत बसला होता. केस पांढरे झालेले, उजवा पाय स्टुलावर.

“कोन हाय?” त्याने डोळ्यांवर हात धरला आणि हात तसाच राहिला. “साहेब?”

“जय भीम, जानू.”

“जय भीम.” जानू उठला नाही. हिवराळ्यांच्या हातात फाईल आहे का, मागे कोणी आलंय का, हे त्याने आधी पाहून घेतलं. “काय निघाला? पेन्शनचा काय कागद निघाला काय?”

“कागद नाही. सहज आलो.”

“तुमी सहज?” जानूने घरात हाक मारली. “चंदा, भायेर ये गो. साहेब आलेत. सहज आलेत म्हनतान.”

चंदा दारात आली आणि पदराला हात पुसत तिथेच थांबली. हिवराळ्यांना बसायला खुर्ची मिळाली, पण जरा लांब. बसल्यावर ते म्हणाले, “ती गाळा नंबर नऊ. तू मुद्दाम पाठवलीस का?”

“मुद्दाम म्हंजे?”

“त्या शिर्केवरून.”

जानूला कळायला वेळ लागला. मग तो चंदाकडे बघून म्हणाला, “बघ, मी काय सांगितलेला? चौकशी लावली.” आणि पुन्हा साहेबांकडे वळला. “साहेब, मना ती आवडली, म्हनून मी हिला सांगितली. हिने वहिनींना सांगितली. आमी गावात धा जनांना सांगितली, एक पन बघत नाय. म्हनतान, जुनी हाय, त्यात कोन हिरो नाय. वहिनींनी बघितली. संपला.”

“मीही बघितली,” हिवराळे म्हणाले. “एकवीस भाग झाले.”

“पोपटांचा बघितला?”

“बघितला. पण मला गहू दळायचा जास्त आवडला.”

“छ्या! पोपटांच्या पुढं तो काय?” जानू खुर्चीत पुढे सरकला. दोघं दहा मिनिटं त्यावर हुज्जत घालत राहिले, आणि चंदा चहा ठेवायला आत गेली. त्या दहा मिनिटांत हिवराळ्यांना इतकं हलकं वाटलं की जे बोलायचं ठरवून आले नव्हते ते बोलून गेले.

“जानू, त्या बाजाराच्या अहवालाचं... मी चुकलो असेन.”

एक कावळा जवळ्यावर उतरला, त्याला जानूने हाकललं नाही.

“चुकलाव नाय,” तो म्हणाला. “मीच सांगितलेला.”

“काय?”

“बाजारात. आदल्या दिवशी. रखमा आत्या बसायची, आठवते? तिचा नवरा जाऊन दोन महिनं झालेलं. तिचा काटा खोटा होता, मना ठाव होता. तुमी धरली असती तर कोर्टात उभी राहिली असती म्हातारी. एकटीला सांगितला असता तर तिचाच काटा नवा बघून तुमाला लगेच कलला असता. म्हनून सगल्यांना सांगितला, सकाली साहेब येनार हायेत. तिचा काटा मी खाडीत फेकला आनि नवा आनून दिला. परत कधी तिने कमी तोलला नाय.”

हिवराळे ताडकन उभे राहिले. नऊ वर्षं अधूनमधून त्यांना वाटत आलं होतं, आपण अन्याय तर केला नाही? आणि आता कळत होतं की संशय तंतोतंत खरा होता. यात समाधान वाटायला हवं होतं.

“मला सांगायचंस! एकोणीस वर्षं माझ्यासोबत जेवलास!”

“सांगितला असता तर काय केला असता तुमी?”

हिवराळ्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनी त्याच दिवशी जाऊन रखमाचा काटा जप्त केला असता.

“आनि तुमी तरी मना इचारला?” जानूचा आवाज चढला नाही. “एकदा इचारायचा ना, जानू, तू केलास काय? मी खोटा नसतो बोललो. तुमी थेट कागदावर लिवला.”

चपला पायात होत्या. रिक्षा रस्त्यावर मिळाली असती. गाळ्यातल्या त्या पाच जणांचं असं उभं राहणं कुठल्याच भागात दाखवलं नव्हतं, आणि पुढे काय करायचं ते हिवराळ्यांना कळत नव्हतं.

“साहेब, चाय झालाय,” चंदा म्हणाली. तिने एक कप जानूच्या हातात दिला आणि दुसरा रिकाम्या खुर्चीवर ठेवला. तो उचलल्याशिवाय त्यांना बसता आलं नसतं आणि तो तसाच ठेवून निघूनही जाता आलं नसतं. हिवराळ्यांनी कप उचलला. मग बसले.

कोणी माफी मागितली नाही. चहा संपल्यावर जानूने फोन काढला, बाविसावा भाग लावला आणि फोन मधल्या स्टुलावर अशा कोनात ठेवला की दोघांना दिसेल. हिवराळे दोनदा हसले. जानू त्यांच्याकडे अधूनमधून तिरक्या नजरेने बघत होता.

घरी शालनने विचारलं, “काय म्हणाले?”

“माझा संशय खरा होता.”

“मग?”

“मग काही नाही. चहा प्यायलो. एक भाग बघितला.”

त्या बुधवारी चंदा आली तेव्हा हिवराळे चालायला गेले नव्हते. दोघी बायका दारात उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या, ते त्यांना आवडलं नाही. निकेशने त्यांना ग्रुपवर परत घेतलं, पण कारण सांगितलं नाही. लिफ्टमध्ये एकदा तो पम्यासारखी मान हलवून हसल्याचा त्यांना भास झाला. विचारलं तर म्हणाला, “काय नाय काका.”

मग एका सकाळी जानूचा स्वतःहून फोन आला.

“साहेब, येताव ना आज?”

“का रे? काय काम आहे?”

“काम नाय.”

“मग बोलावलंस का?”

पलीकडे जानूने एक कावळा हाकलला. “यायचा असंल तर या,” जानू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हिवराळ्यांनी रिक्षा केली. रखमाचं काही निघालं असेल का, की गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, की चंदाने शालनकडून काही ऐकलंय, सगळ्या शक्यता त्यांनी बेलापूरपर्यंत तपासून पाहिल्या. घरापाशी उतरले तेव्हा अंगणात दुसरी खुर्ची आधीच मांडलेली होती, या वेळी जवळ. जानू पाय स्टुलावर ठेवून डुलक्या घेत होता. हिवराळे अर्धा तास त्याच्या शेजारी बसून राहिले. तो उठला, त्याने काही सांगितलं नाही. काम खरंच नव्हतं.